मदरबोर्ड बदलण्याआधी विंडोजचा खर्च मोजा

संगणकात नवा भाग बसवला की बरेच दुकानदार सांगतात, 'फॉर्मॅट मारावा लागेल.' दर वेळी ते खरं नसतं. रॅम वाढवली किंवा ग्राफिक्स कार्ड बदललं तर विंडोज पुन्हा टाकावी लागत नाही. फार तर ड्रायव्हर घालावा लागतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी घेतली तर जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते, आणि कोरी विंडोज टाकली तरी परवाना तोच चालतो. खिशाला झळ बसते ती मदरबोर्ड बदलला की.

कारण विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डाच्या ओळखीवर टिकून असतो. बोर्ड नवा म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लेखी संगणकच नवा. तुमचा परवाना 'रिटेल', म्हणजे स्वतंत्र विकत घेतलेला असेल, तर तो नव्या बोर्डावर नेता येतो. संगणकासोबत आलेला 'ओईएम' परवाना मात्र त्या जुन्या बोर्डाबरोबरच संपतो. बिघाडामुळे कंपनीने बोर्ड बदलून दिला तर गोष्ट वेगळी. विंडोज ७ किंवा ८ च्या किल्लीवर फुकट अपग्रेड करून घेतलेल्यांनी तर विशेष सावध असावं. ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आहे.

आपला परवाना कोणता, हे बोर्ड काढण्यापूर्वीच पाहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि डीएलआय ही अक्षरं इंग्रजीत टाइप केली की चौकटीत 'रिटेल' की 'ओईएम' ते दिसतं. रिटेल असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून ठेवा. बोर्ड बदलल्यावर सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडला की काम होतं, एक रुपयाही लागत नाही.

ओईएम निघाला तर नवी विंडोज ११ होम अधिकृतपणे घ्यायला साधारण दहा हजार रुपये धरा, प्रो त्याहून महाग. ही रक्कम बोर्डाच्या किमतीत मिळवूनच अपग्रेड परवडतं का ते ठरवा. ऑनलाइन चारपाचशेला मिळणाऱ्या किल्ल्या बहुतेक वेळा कंपन्यांच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि मायक्रोसॉफ्ट त्या कधीही रद्द करू शकते. 'क्रॅक' मारून देणारा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो. ज्या संगणकावर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्यावर हे मुळीच होऊ देऊ नका.

विंडोज टाकण्याची मजुरी त्या मानाने किरकोळ, साधारण पाचशे ते हजार रुपये. घरी केलं तर तीही वाचते: मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल फुकट आहे, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. नव्या बोर्डाचा वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर मात्र आधीच पेन ड्राइव्हवर घ्या, कारण विंडोज ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागते. नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा.

महागात पडते ती हरवलेली माहिती. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हवर असतात, ते फॉर्मॅटमध्ये जातात. 'डी ड्राइव्हला हात लावणार नाही' या शब्दावरही विसंबू नका, बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. अनेक एएमडी संगणकांत नुसता प्रोसेसर बदलला तरी ती विचारली जाते. टॅली वापरणाऱ्यांनी आधी परवाना सरेंडर करावा, नाहीतर नव्या जुळणीवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडेल आणि ऐन जीएसटी भरण्याच्या दिवसांत खोळंबा होईल. डीटीपीवाल्यांनी जुन्या मराठी फॉन्टांचा फोल्डर जपावा. तो गेला तर युनिकोडपूर्व काळातल्या फायली नीट वाचता येणार नाहीत.

खात्यावर किंवा पावतीवर परवाना सापडत नसेल आणि दहा हजारांची तयारी नसेल, तर उबंटूसारखं लिनक्स फुकट आहे. ब्राउझर, टपाल आणि लिब्रे ऑफिसवर भागणाऱ्या घराला ते पुरेसं आहे. टॅली किंवा मराठी डीटीपीसाठी श्री-लिपी लागणाऱ्यांनी मात्र विंडोजचेच पैसे बाजूला काढावेत. दुकानातून विंडोज घेताना बिलावर परवान्याचा प्रकार लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून विंडोज घेऊ नका.