नाव मिळेल गं, घाई नको

आधी ती यादी फाडून टाक बघू. हो, तीच, डायरीच्या शेवटच्या पानावर केलेली. 'मूनलाइट', 'सह्याद्री गर्ल', आणखी कायकाय. अगं, मार्चमध्ये जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनवरून निघणार, चौदा राज्यं ओलांडून मेनमधल्या कटाडिनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटर चालणार, आणि तुझी झोप उडालीय ती कशानं? तर ट्रेलवर आपलं नाव काय असेल, म्हणून! बूट घेतलेस का विचारलं, तर म्हणालीस 'बघते'.

खरं सांगू का, तुझी काळजी मला कळते. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर सगळे एकमेकांना टोपणनावानं हाक मारतात हे तू वाचलंयस. मग वाटतं, आपल्याला कुणी नावच दिलं नाही तर? किंवा भलतंच दिलं तर? आणि पहिल्याच दिवशी कुणी विचारलं, "ट्रेल नेम काय तुझं?", तर काय सांगायचं? काही नाही. "अजून नाही मिळालं" म्हणायचं आणि पुढे चालायचं. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचं उत्तर तेच असतं. त्यात कमीपणा कुणालाच वाटत नाही, तूही मानू नकोस.

ते नाव येतं कसं, ते ऐक. मुद्दाम बसून कुणी कुणाचं नाव ठरवत नाही. दिवसभर चालून संध्याकाळी माणसं शेल्टरला टेकतात. शेल्टर म्हणजे तीन बाजूंनी लाकडी भिंती, चौथी बाजू उघडी, आणि बऱ्याच ठिकाणी पुढ्यात एक लांब टेबल. छोट्या गॅसवर कुणाचे नूडल्स शिजत असतात, कुणी पायाच्या फोडांना टेप लावत असतं. व्हर्जिनियातल्या अशाच एका शेल्टरला मी पाहिलेला एक मुलगा सांगते. सॅकचं वजन कमी करायचं म्हणून त्यानं टूथब्रशची दांडी अर्ध्यात कापलेली, कपड्यांची लेबलं उसवलेली, आणि हे सगळं तो मोठ्या अभिमानानं सगळ्यांना दाखवत होता. मग त्यानं सॅकच्या तळातून जेवायला काय काढावं? ऑलिव्हची काचेची बरणी. पाण्यासकट, चांगली किलोभराची. सगळे एकदम गप्प झाले आणि मग जे हसले! पलीकडे एक पिकल्या केसांची बाई पातेल्यात चमचा फिरवत होती. तिनं मानही वर केली नाही. नुसतं म्हणाली, "ऑलिव्ह." त्या मुलाच्या तोंडात घास होता. त्यानं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. सकाळी मी शेल्टरची वही उघडली, तर तारखेखाली त्यानं आधी स्वतःचं खरं नाव लिहिलेलं, त्यावर एक रेघ मारलेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ऑलिव्ह'.

त्या मान डोलावण्याकडे लक्ष दे हं. गंमत झाली, कुणीतरी नाव उच्चारलं, इथपर्यंतचं काम लोकांचं. पण जोवर तो हो म्हणत नाही आणि वहीत लिहीत नाही, तोवर ते नाव त्याचं होत नाही. ट्रेलवरचा रिवाजच तसा आहे. नाव शक्यतो दुसऱ्यानं सुचवायचं, पण नाकारायचा हक्क ज्याचा त्याला. आणि नाही म्हटल्यावर तेच नाव पुन्हा पुन्हा चिकटवू पाहणाऱ्याला बाकीचे हायकर चांगलं समजत नाहीत.

आपल्याकडे हे किती वेगळं होतं बघ. आपल्या मावश्यांची, आत्यांची नावं लग्नात बदलली. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, साखर वाटली, सगळ्यांनी तोंड गोड केलं. जिचं नाव, तिला मात्र विचारलं नाही. आपल्या आईची शाळेतली मैत्रीण अजून तिला माहेरच्या नावानं हाक मारते, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणून मला या ट्रेलच्या नावांचं इतकं अप्रूप आहे. मोठेपणी मिळालेलं नाव, तेही दुसऱ्यांनी दिलेलं, आणि तरी तुला विचारून दिलेलं.

तेव्हा नाही म्हणायची तयारी इथूनच करून जा. तुझ्या अंगाबांध्यावरून, रंगावरून, बोलण्याच्या ढबीवरून कुणी नाव सुचवलं, किंवा ज्यात दुहेरी अर्थ आहे असं काही सुचवलं, तर तिथल्या तिथे सांगायचं, "नाही, हे नाव मी घेणार नाही." तू भारतीय आहेस म्हणून कुणाला पहिल्यांदा 'करी'च सुचेल, त्यालाही हेच उत्तर. हसून सांग, पण कारणं देत बसू नकोस. आपल्याला नकाराबरोबर दहा कारणं द्यायची सवय असते ना, ती इथे उपयोगाची नाही. कारण दिलं की समोरचा त्यावर वाद घालतो. आणि कुणी सोडतच नसेल, तर दुसऱ्या दिवशी तासभर आधी निघ किंवा उशिरा निघ. वाट लांब आहे, सोबतीची माणसं बदलता येतात. उगाच अपमान गिळून कुणाबरोबर चालायची गरज नाही.

स्वतःचं नाव स्वतः ठेवलं तर चालतं का, असंही विचारलं होतंस. चालतं गं. हेदर अँडरसनचंच बघ. वेगानं लांब पल्ले चालण्याचे मोठमोठे विक्रम तिनं केलेत, आणि ट्रेलवर ती 'अनिश' म्हणून ओळखली जाते. तिची खापरपणजी अनिशिनाबे या मूळ अमेरिकी लोकांपैकी, तिची आठवण म्हणून ते नाव. कुणी तिला विचारत नाही की हे तुला कुणी दिलं. पण यादीतून निवडलेलं नाव आणि असं आतून आलेलं नाव यात फरक आहे, म्हणून तर यादी फाड म्हणाले.

आणि ट्रेलवर टोपणनावाची ही पद्धत जुनी आहे बरं का. या वाटेवर एका दमात टोकापासून टोकापर्यंत चालल्याची नोंद पहिल्यांदा झाली ती 1948 मध्ये, अर्ल शेफरची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला हा माणूस युद्ध मनातून काढायला म्हणून चालायला निघाला. तो 'द क्रेझी वन' म्हणून ओळखला जातो. पुढे 1998 मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तो ही सगळी वाट पुन्हा चालला.

माझी सगळ्यांत लाडकी मात्र एमा गेटवुड. ओहायोची शेतकरी बाई, अकरा मुलांची आई, नवऱ्याचा वर्षानुवर्षं मार खाल्लेली. 1955 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुलांना 'जरा फिरायला जाते' एवढंच सांगून निघाली. पाठीवर सॅक नाही, स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, ती एका खांद्यावर टाकायची. पायात कॅनव्हासचे साधे बूट. पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तू ज्या तंबूच्या किमतीवरून तीन आठवडे घोळ घालतेयस ना, तसा तंबू तिच्याकडे नव्हताच. आदल्या वर्षी ती मेनमधून निघाली होती, तेव्हा वाट चुकली आणि परत फिरावं लागलं. त्याबद्दल घरी फारसं न बोलता ती पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाकडून, जॉर्जियातून निघाली आणि कटाडिनला पोहोचली. वाटेतच वर्तमानपत्रांनी तिची बातमी उचलली आणि सगळ्या देशाला ती 'ग्रँडमा गेटवुड' म्हणून माहीत झाली. एकटीनं ही पूर्ण वाट एका हंगामात चालणारी ती पहिली बाई. आजी या शब्दाला लोकांनी घरात बसवून ठेवलेलं असतं, आणि ही आजी डोंगरावर! या नावानं तिचं वय लपवलं नाही, उलट तेच पुढे केलं, म्हणून मला ते इतकं आवडतं.

बिल आयर्विनचंही नाव सांगते आणि मग कामाचं बोलू. तो पूर्ण अंध होता. 1990 मध्ये त्यानं हीच वाट पुरी केली, सोबत त्याचा वाटाड्या कुत्रा, ओरिएंट. वाटेवर लोक त्या दोघांना मिळून 'ओरिएंट एक्सप्रेस' म्हणायचे. नावात मान कुत्र्याचा. वाट कुत्रा दाखवत होता, मग नाव त्याचंच नको का? लोकांनी किती नीट बघितलं होतं त्या दोघांना!

आता कामाचं. हे नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही.

शेल्टरमधली वही म्हटलं ना मगाशी, तिला तिथे रजिस्टर म्हणतात. झिपच्या पिशवीत ठेवलेली साधी वही असते, दमटपणानं पानं फुगलेली, सोबत एखादं पेन. येणारा-जाणारा तीत तारीख आणि ट्रेल नेम टाकतो. मागून येणारे वाचतात, निरोप ठेवतात, आणि कुणी हरवलं तर शोधणारी माणसं आधी या वह्या चाळतात. एकाच आठवड्यात चार जॉन आणि तीन मायकल जाणार असतील तर टोपणनावाची सोय किती, हे तुला सांगायला नको. तू दर ठिकाणी लिहीत जा, कंटाळा करू नकोस. फक्त 'एकटीच आहे, आज अमुक ठिकाणी मुक्काम' असं त्यात लिहू नकोस. तारीख, नाव आणि उत्तरेकडे चाललेय, एवढं पुरे. मुक्कामाचा बेत मला आणि आईला कळव. रस्ता ओलांडताना भेटलेल्या परक्या माणसानं फार चौकशी केली तरी त्याला ट्रेल नेमच सांगायचं. आडनाव, गाव, इन्स्टाग्राम काही नाही. एकट्या बाईला हे नाव फार कामाला येतं गं, खरं नाव न सांगताही बोलण्यात तुटकपणा येत नाही.

पण याची दुसरी बाजूही तुला माहीत हवी, म्हणून घाबरवायला नाही, सावध करायला सांगते. 2018 च्या जुलैमध्ये फ्लोरिडातल्या बिग सायप्रेसच्या रानात एका तंबूत एका हायकरचा मृतदेह सापडला. वाटेवर त्याला कितीतरी जण भेटले होते, त्याच्याशी बोलले होते, त्याचे फोटो काढले होते. सगळ्यांना तो 'मोस्टली हार्मलेस' म्हणून माहीत. आणि तेवढंच माहीत. जवळ ओळखपत्र नाही, फोन नाही. लोकांनी पैसे गोळा करून डीएनए तपासणीही करवली, तरी त्याची ओळख पटायला जवळजवळ अडीच वर्षं गेली. किती माणसांना तो आवडला होता, आणि त्याच्या घरी कळवायला एकालाही त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. मला हे आठवलं की अजून पोटात गलबलतं.

म्हणून नाव मिळालं की त्याच दिवशी मला आणि आईला मेसेज कर. उद्या मी पार्क रेंजरला फोन केला आणि तुझं पासपोर्टवरचं नाव घेतलं, तर वाटेवरच्या कुणालाच ते माहीत नसेल. मला दोन्ही नावं सांगता आली पाहिजेत. सोबत चालणाऱ्यांपैकी ज्यांच्यावर भरवसा बसेल अशा एक-दोघींना तुझं खरं नाव आणि माझा नंबर देऊन ठेव, त्यांचाही घे. पासपोर्टची झेरॉक्स झिपच्या पिशवीत, सॅकच्या वरच्या कप्प्यात.

खाण्याचे बॉक्स मी पोस्टानं पाठवणार आहेच. त्यावर तुझं ओळखपत्रावरचं पूर्ण नाव असेल, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत ट्रेल नेम. पोस्टातला माणूस ओळखपत्र बघूनच बॉक्स देतो, तिथे 'ऑलिव्ह' म्हणून चालत नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या पार्कातून जायला परवाना लागतो, तोही खऱ्या नावावरच काढ. दवाखान्यात गेलीस तर तिथेही तेच.

आणि वेस्ट व्हर्जिनियात हार्पर्स फेरीला पोहोचलीस की अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सीच्या ऑफिसात जायचं, घाईत असलीस तरी. निम्म्या वाटेच्या जरा अलीकडे आहे ते गाव. टोकापासून टोकापर्यंत जायला निघालेल्यांचे फोटो तिथे 1979 पासून काढून अल्बममध्ये लावतात, आणि फोटोसोबत ट्रेल नेमही लिहितात. जुने अल्बम बघायला मिळतात, थोडा वेळ हातात ठेव. तिथवर पोहोचेपर्यंत तुला नाव मिळालेलं असेल, आणि नसलं तर आईबाबांनी दिलेलं नाव लिहायचं. तसे फोटोही आहेत तिथे. आपलंच नाव कायम ठेवून सगळी वाट चालणारी माणसंही असतात, त्यांचे पाय काही वेगळे नसतात.

आईचं म्हणशील, तर तिला मी समजावते. 'इतकं छान नाव ठेवलंय आम्ही, ते सोडून हे काय' असं ती म्हणणारच. तू वाद घालू नकोस. तिला आधी एमा गेटवुडची गोष्ट सांगायची, बाकीचं माझ्यावर सोड. तू उद्या बूट घेऊन ये, संध्याकाळी जरा उशिरा जा दुकानात, दिवसभर चालून पाय सुजलेले असतात तेव्हाच माप बरोबर मिळतं. आणि अर्धा नंबर मोठाच घे.