लेसर शस्त्रक्रिया : प्रकाशाची मात्रा आणि तिचे नियंत्रण

पांढुर्णा व सौंसर भागातील संत्रा बागायतदारांना ओलिताचा हिशेब शिकवावा लागत नाही. मोटार किती जोराने पाणी फेकते, किती वेळ चालते आणि ते पाणी किती जागेत पसरते, यांवर जमिनीची ओल ठरते. शस्त्रक्रियेतील लेसर किरणांचा हिशेबही असाच आहे. किरणांची शक्ती वॅटमध्ये मोजतात. शक्ती व वेळ यांचा गुणाकार म्हणजे ऊर्जा. तिचे माप जूल होय. हीच ऊर्जा लहान ठिपक्यावर एकवटली की परिणाम तीव्र होतो. ठिपक्याचा व्यास निम्मा केल्यास तीव्रता चौपट होते.

पहिला लेसर १९६० मध्ये अमेरिकेत मेमन यांनी तयार केला. बारामती येथे जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. त्याचे किरण शरीरातील पाण्यात चटकन शोषले जातात. म्हणून तो शल्यचिकित्सकाची सुरी बनला.

मात्रेचे दोन नमुने

मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडल्यास तेथे लेसरचे सूक्ष्म डाग देतात. ०.२ वॅट शक्ती ०.१ सेकंद वापरली, तर ऊर्जा ०.०२ जूल होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना पुन्हा धूसर दिसू लागते. तो नवा मोतीबिंदू नसून कृत्रिम भिंगामागील पापुद्रा गढूळ झालेला असतो. तो छेदण्यास एका स्पंदात एक-दोन सहस्रांश जूल ऊर्जा बहुधा पुरते. मात्र ती सेकंदाच्या काही अब्जांश भागात सोडली जाते. त्यामुळे त्या क्षणीची शक्ती लाखो वॅट असते.

नियंत्रण कसे होते?

यंत्रातील आरसा किरणांचा अल्प अंश मापकाकडे वळवतो. मोजलेली मात्रा ठरविलेल्या मात्रेशी न जुळल्यास झडप किरण अडवते. डॉक्टर कमी मात्रेपासून आरंभ करतात व परिणाम पाहूनच ती वाढवितात.

तथापि अंतिम नियंत्रणात रुग्णाचाही वाटा असतो. डोके स्थिर ठेवावे आणि नजर सांगितलेल्या जागी रोखावी. डोळा हलल्यास अचूक मात्राही भलत्या जागी पडते. उपचारानंतर डोळा दुखू लागला, प्रकाशाच्या चमका अथवा एकाएकी पुष्कळ काळे ठिपके दिसू लागले, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. डोळा जळेल या भीतीने उपचार टाळणारा वृद्ध परत येऊ शकणाऱ्या दृष्टीला मुकतो. आणि मधुमेहात तर विलंबामुळे गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही.