शैवाल आणि कारा : एका संदिग्ध द्रव्याचा विचार

भावप्रकाश निघंटूत शैवाल हे कषाय, तिक्त, मधुर, शीत, लघु व स्निग्ध असे वर्णिले असून दाह, तृष्णा, पित्त व ज्वर यांवर ते हितकर सांगितले आहे. चरकसंहितेच्या विसर्पचिकित्सेतील लेपद्रव्यांतही त्याचा समावेश आहे. गुणकर्मांविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो तळ्यातून नेमके काय उचलावयाचे हा. अर्वाचीन द्रव्यगुणग्रंथांत शैवाल म्हणून कोठे सिरॅटोफायलम, तर कोठे व्हॅलिस्नेरिया दिलेले आढळते. या दोन्ही सपुष्प वनस्पती होत. व्यवहारात मात्र पाण्यातील प्रत्येक हिरव्या वस्तूस शेवाळ म्हणतात.

या गोंधळात सर्वांत फसवी ठरते ती कारा. तळी, भातखाचरे, संथ ओढे येथे ती वाढते. पेरे, कांडी आणि प्रत्येक पेरावर शाखांचे वलय अशी रचना असल्याने ती सपुष्प वनस्पतीच भासते. वस्तुतः ती हरितशैवल आहे. तिला खरी मुळे, वाहक ऊती व फुले नसतात. चिखलात रुतलेले धागे हे केवळ मूलाभ होत. एका कांड्याचा गाभा म्हणजे एकच लांबलचक पेशी, कित्येकदा काही सेंटिमीटर लांबीची. पेशीतील जीवद्रव्य सतत वाहते, हे कोर्ती या इटालियन अभ्यासकाने १७७४ मध्ये अशाच वनस्पतींत प्रथम पाहिले. नागपूर परिसरातील बेसाल्टच्या थरांमधील गाळाच्या खडकांत या कुलाच्या फळांचे जीवाश्मही सापडतात.

वैद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिच्यावरील चुन्याचा थर. इंग्रजीतील स्टोनवर्ट हे नाव त्यावरूनच पडले. पुष्कळ जातींत शुष्क वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असू शकतो. अशा वनस्पतीचे चूर्ण म्हणजे बव्हंशी सुधाद्रव्यच. शंख, शुक्ती यांच्या जवळचे. त्याकडून निघंटूतील शैवालाच्या स्निग्ध गुणाची अपेक्षा कशी करावी?

ओळख कठीण नाही. कारा बोटांत चुरडल्यास खरखरीत लागते व लसणासारखा उग्र वास येतो. सौम्य आम्ल टाकल्यास बुडबुडे येतात. परंतु कठीण पाण्यात इतर जलवनस्पतींवरही चुना बसतो, म्हणून एवढ्यावर निर्णय करू नये. सिरॅटोफायलमची पाने एकदोनदा दुभागलेली व बारीक दातेरी असतात, आणि त्यास मुळे नसतात. काराची भगिनी नायटेला हिच्या शाखाही दुभागतात व तिच्यावर बहुधा चुना नसतो. तेथे भिंगाखाली वाहक ऊती आहेत का, हे पाहावे. बुळबुळीत, न फाटलेले तंतू हे बहुधा स्पायरोगायराचे असतात.

पाण्यावर रंग सांडल्यासारखा निळसर हिरवा तवंग दिसल्यास मात्र तो लेपासाठीही घेऊ नये. तो बहुधा मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित जीवाणूंचा असतो. त्यांपैकी अनेकांत यकृतास घातक विष असते, आणि क्वाथ करताना पाणी उकळले तरी ते नष्ट होत नाही.