डेटा सेंटरची नोकरी : शॉकची भीती आणि खरी तयारी

‘पोरगा डेटा सेंटरमध्ये लागला तर रोज करंटशीच गाठ ना?’ ऐरोली, रबाळे, महापे भागात अशी केंद्रं उभी राहिल्यापासून पालक हे हमखास विचारतात. गाठ आहेच. रॅकमधल्या सर्व्हरला 230 व्होल्ट लागतात, रॅकपर्यंत येणारा थ्री-फेज पुरवठा 415 व्होल्टचा असतो. तरीही ही नोकरी सुरक्षितपणे करता येते. त्यासाठी एक सवय अंगी बाणवावी लागते : बटण बंद दिसलं म्हणून वीज गेली, असं कधीही धरून चालायचं नाही.

कामात नेमकं काय सांभाळायचं?

बहुतेक सर्व्हरना दोन पॉवर सप्लाय असतात आणि त्यांच्या कॉर्ड दोन वेगळ्या लाइनवर जोडलेल्या असतात. एक उपटली तरी यंत्र चालूच राहतं. समोरचं बटण दाबून सर्व्हर बंद केला, तरी आत स्टँडबायची वीज असते. म्हणून झाकण उघडण्याआधी रीतसर शटडाउन करायचं, दोन्ही कॉर्ड काढायच्या आणि दिवे विझल्याची खात्री करायची. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचाच नाही. कॉर्ड काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. पॉवर सप्लाय बिघडला की अख्खा बदलायचा.

मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा सर्किटला जपतो, माणसाला नाही. त्यात साधारण 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो. त्याऐवजी साधी वायर मनगटाला गुंडाळून अर्थला जोडली, तर चुकून लाइव्ह भागाला हात लागल्यावर करंट थेट शरीरातून जाईल. अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ बॅटरीजवळ जाण्याआधी काढायचं. एकेका बॅटरीचं व्होल्टेज कमी असलं, तरी शॉर्ट झाल्यास धातू क्षणात तापून कातडी भाजते.

शिक्षण कोणतं?

दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड, किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा. सोबत नेटवर्किंगची ओळख हवी. सर्व्हर बदलणं आणि थ्री-फेज वायरिंग करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम परवानाधारक माणसाचंच. ‘जरा तेवढी वायर जोड’ असं कुणी सांगितलं, तर नाही म्हणता आलं पाहिजे.

पालकांनी काय विचारावं?

पगाराइतकीच या गोष्टींची चौकशी करा : कामाआधी ब्रेकरला कुलूप आणि नावाची पाटी लावण्याची पद्धत आहे का? रात्रपाळीत नवख्याला एकटं ठेवतात का? शॉक लागल्यास काय करायचं, याचा सराव घेतात का? उत्तरं टाळली गेली, तर पगार चांगला असला तरी दुसरी जागा शोधा.