आरोग्याचे नियम आणि पालकांचा विश्वास
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

प्राथमिक शाळेत आरोग्य हा विषय पूर्वापार शिकविला जातो. नखे कापावीत, पाणी गाळून व उकळून प्यावे, उघड्यावरचे खाऊ नये, हे पाठ विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. परंतु मुलांच्या आरोग्याचे व सुरक्षिततेचे जे नियम शासन करते, ते का केले जातात आणि कोणत्या परिस्थितीत यशस्वी होतात, याचा विचार शिक्षकाने स्वतंत्रपणे केलेला बरा. कारण हे नियम शासकीय पत्रकातून शाळेत येतात आणि शाळेतून घरोघर जातात. या मार्गावरचा शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा टप्पा शिक्षकाच्या हाती असतो. हा विचार करण्यास पुणे शहराच्या शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तीचा इतिहास फार उपयुक्त आहे.

शनिवार पेठ ही मुठेच्या काठची जुनी पेठ. पूर्वी तिला मुर्तुजाबाद असे नाव होते. शनिवारवाडा व ओंकारेश्वराचे मंदिर यांमुळे ती सर्वांस परिचित आहे. अरुंद बोळ, एकमेकांस लागून उभे असलेले वाडे, सामाईक चौक आणि एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, अशी या भागाची जुनी रचना होती. अशा वस्तीत शेजारधर्म सहज वाढतो. तद्वतच साथीचा रोगही सहज पसरतो.

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत प्लेगची नोंद झाली व लवकरच ही साथ पुण्यास पोहोचली. दिनांक ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा अस्तित्वात आला. त्याच्या आधारे पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती काम करू लागली. मार्च ते मे या काळात पेठांतील घरांची झडती गोऱ्या सैनिकांकडून घेतली गेली. रोग्यास रुग्णालयात व त्याच्या घरच्यांस विलग छावणीत नेण्यात येई. घरातील सामान बाहेर काढले जाई, काही जाळले जाई, भिंतींस चुना दिला जाई. देवघर, स्वयंपाकघर व माजघर यांची मर्यादा पाळली गेली नाही, ही लोकांची मुख्य तक्रार होती. परिणाम असा झाला की, लोक रोगी लपवू लागले. आई आपले तापाने फणफणलेले मूल पोत्यांच्या आड ठेवू लागली, तर कोणताही नियम त्या मुलापर्यंत पोहोचू शकत नाही. दिनांक २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यापुढील इतिहास सर्वश्रुत आहे.

येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ग्रंथिक प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे माणसास होतो, हे पॉल लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ साली. म्हणजे १८९७ मध्ये अधिकाऱ्यांस रोगाचा खरा मार्ग ठाऊकच नव्हता. सामान जाळले गेले, परंतु बिळातील उंदीर मात्र शेजारच्या वाड्यात गेले. उलट, साथ येताच गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहण्याची जी रीत त्या काळी महाराष्ट्रात रूढ झाली, ती उपयोगी ठरली. तिच्यामुळे माणसे उंदरांच्या वस्तीपासून दूर गेली. तात्पर्य, नियमामागे पुरेसे ज्ञान हवे आणि ज्यांच्यासाठी नियम करावयाचा त्यांची संमतीही हवी. पुण्यात त्या वेळी या दोहोंचा अभाव होता.

याच साथीतील दुसरे चित्र प्रत्येक शिक्षकाने स्मरणात ठेवावे असे आहे. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा चालविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी या साथीत आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि दिनांक १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. एकीकडे घरात शिरणारा शिपाई व दुसरीकडे मुलाला पाठीवर घेणारी शिक्षिका, अशी ही दोन चित्रे एकाच महिन्यातील आहेत. रोगी मुलाला घराबाहेर काढून उपचारांपर्यंत न्यावे, हे दोघांचेही प्रयोजन होते. परंतु एकाच्या भीतीने दारे बंद झाली आणि दुसरीच्या हाती आईने आपले मूल विश्वासाने दिले.

अलीकडच्या काळातील पोलिओ निर्मूलनाची मोहीम हीच गोष्ट विस्ताराने सिद्ध करते. भारतात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. प्रारंभी उत्तर प्रदेशातील काही भागांत डोसाविषयी संशय होता व दारे लावून घेतली जात. तेथे सक्तीचा अवलंब न करता स्थानिक स्त्रियांना घरोघर पाठविण्यात आले आणि धर्मगुरू, विद्यापीठे व डॉक्टर यांचे साहाय्य घेण्यात आले. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. दिनांक २७ मार्च २०१४ रोजी आपला देश ज्या विभागात मोडतो, तो आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

तेव्हा सक्ती सर्वस्वी त्याज्य आहे काय? तसे म्हणता येणार नाही. दिनांक १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली, गवती छप्पर पेटले आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. तदनंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी देशभरासाठी आदेश दिले. इमारत सुरक्षित ठेवणे हे संस्थेचे व शासनाचे कर्तव्य आहे. तेथे समजावणी पुरेशी नाही, सक्तीच हवी. परंतु जो नियम घराच्या उंबऱ्याआड पाळावयाचा असतो, तो पालकाच्या मनातूनच पाळला जातो.

शनिवार पेठेतील आजचेच उदाहरण घ्या. सकाळी शाळेच्या वेळी या अरुंद रस्त्यांवरून पालक मुलांना दुचाकीवर बसवून आणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकास दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीस वेळोवेळी विरोध झाला, हे सर्व जाणतात. वस्तुतः कोक्रेन या संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. पोलीस उभा असेल तेवढ्यापुरते हेल्मेट घातले जाते. हा अर्थ पटला, म्हणजे ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जातानाही घातले जाते.

उपरोक्त विवेचनावरून शिक्षकाने पुढील गोष्टी कराव्यात.

१. कारण आधी, सूचना नंतर. जंतनाशक दिनी गोळी देण्यापूर्वी पालकसभेत सांगावे की, आतड्यातील जंत मुलाचे पोषण हिरावून घेतात व त्यामुळे रक्तक्षय होतो. क्वचित एखाद्या मुलास किंचित मळमळ होऊ शकते, हेही आधीच सांगावे. आधी सांगितलेली गोष्ट घडली तर भय वाटत नाही. तीच नंतर कळली तर अफवा होते. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलास गोळी देऊ नये.

२. शंकेचा अवमान करू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम प्रामुख्याने शाळांतून सुरू झाली. अशा प्रसंगी जो पालक प्रश्न विचारतो, तो मुलाची काळजी करणारा पालक आहे, असे समजून उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस सभेस पाचारण करावे.

३. परिसरावर लक्ष ठेवावे. २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करता येत नाही. तसे दुकान आढळल्यास मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह संबंधित कार्यालयास लेखी कळवावे. मुलांच्या बाजूने बोलणे हा शिक्षकाचा अधिकार आहे व कर्तव्यही आहे.

४. नोंद ठेवावी. वजन, उंची, दृष्टी, लसीकरण व गैरहजेरीची कारणे यांची नोंद नियमित असल्यास रोगाची चाहूल लवकर लागते. एकाच वर्गातील चार मुले एकाच आठवड्यात तापाने गैरहजर राहिली, तर ती बाब आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावी.

५. शिक्षकाने स्वतः आचरण करावे. हेल्मेटचा पाठ देणारे गुरुजी उघड्या डोक्याने दुचाकीवरून आले, तर पाठ वाया गेला असे समजावे.

वर्गातील कार्यासाठी इयत्ता चौथी व पाचवीच्या विद्यार्थ्यांस पुढील प्रश्न द्यावेत :
(अ) १८९७ साली लोक रोगी का लपवीत?
(आ) गावाबाहेर झोपड्यांत राहिल्याने प्लेग का टळे?
(इ) आपल्या शाळेजवळ मुलांना धोका होईल अशी कोणती ठिकाणे आहेत, ती नकाशात दाखवा.
(ई) घरातील मोठ्या माणसांना हेल्मेटचे महत्त्व पटवून देणारे पाच वाक्यांचे पत्र लिहा.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे शिक्षकाने काळजीपूर्वक वाचावीत. मुलांच्या नकाशात पुष्कळदा असा उघडा हौद, असे लोंबकळणारे विजेचे तार किंवा असे भरधाव वळण सापडते, की जे मोठ्यांच्या नजरेतून निसटलेले असते. ते सापडल्यावर नकाशा वहीत ठेवून न देता पुढील पालकसभेत मांडावा आणि धोका दूर होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.