अंदमानची सहल : कुठे खावं, काय पाहावं आणि काय पाहू नये

दिवाळीच्या सुट्टीआधीची पालकसभा संपली, की दोन-तीन पालक हमखास मागे थांबतात. "बाई, यंदा अंदमानला जायचं ठरतंय. मुलांना काय काय दाखवू? आणि खाण्यापिण्याचं कसं?" दरवर्षी तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावं, म्हणून हा लेख. भूगोल आणि इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनाही वर्गात वापरता येईल असं बरंच काही यात सापडेल.

सहल कंपन्यांची पत्रकं पाहिलीत तर ती सगळी साधारण एकसारखीच असतात. सेल्युलर जेल, रॉस बेट, हॅवलॉक, नील, बाराटांगच्या गुहा. आणि खाली ठळक अक्षरांत, 'महाराष्ट्रीय जेवणाची सोय'. माझा पहिला सल्ला या ठळक ओळीबद्दलच आहे. घरात आजी-आजोबा असतील, कुणाला पथ्य असेल तर ठीक. पण धडधाकट मुलांना समुद्र ओलांडून नेऊन तिथे रोज वरण-भात आणि बटाट्याची भाजीच खायला घालायची असेल, तर सहलीचा अर्धा अभ्यास हॉटेलच्या जेवणघरातच बुडाला म्हणून समजा. निदान दिवसातलं एक जेवण बाहेर करा.

का, ते सांगते. अंदमानात आज राहणारी बहुतेक माणसं कुठून ना कुठून आलेली किंवा आणलेली आहेत, आणि जो तो आपली चूल घेऊन आला आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने हॅवलॉक, नील, मायाबंदर, दिगलीपूर अशा ठिकाणी जमिनी देऊन वसवलं. त्यामुळे हॅवलॉकच्या बाजारात साध्या खानावळीत बसलात तर ताट बंगाली येईल. भात, पातळ डाळ, एखादी तळलेली भाजी आणि माशाचं कालवण, कधी मोहरी वाटून केलेलं. आपल्या नारळ-कोकमाच्या चवीला सरावलेल्या मुलांना मोहरीचा तो झणका आधी नाकात जातो, मग आवडतो. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, तमिळ आणि तेलुगू भाषकांची वस्तीही मोठी, म्हणून इडली-डोसा-सांबार सगळीकडे मिळतं. शाकाहारी मंडळींना अबर्डीन बाजारातलं 'अन्नपूर्णा' उपाहारगृह सोयीचं पडतं. मासे खाणाऱ्यांना सुरमई, कुपा, कोळंबी, खेकडे, सगळं मिळेल. फक्त खेकडा आणि शेवंड बहुतेक वजनावर विकतात, तेव्हा भाव आधी विचारा. जेट्टीजवळच्या छोट्या खानावळी उशिरापर्यंत उघड्या नसतात. साडेआठ-नऊला जेवायला निघायची शहरी सवय बेटांवर चालत नाही.

आता या ताटाचा एक स्वाध्याय करून घ्या. मुलांना वहीत ताट काढायला सांगा आणि प्रत्येक पदार्थापुढे 'हा इथलाच की जहाजाने आलेला?' असं लिहायला लावा. मासा इथला. नारळ इथला. सुपारी इथली. नीलसारख्या बेटावर भाजीपाला पिकतो, तो पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. पण तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे, तेल यांतलं बरंचसं चेन्नई आणि कोलकात्याहून येतं. दोन्ही बंदरं बाराशे किलोमीटरच्या आसपास दूर, जहाजाला तीन-चार दिवस लागतात. मुलांनी हॉटेलवाल्या काकांना एवढंच विचारायचं, "काका, समुद्र खवळला आणि जहाज उशिरा आलं तर काय करता?" या प्रश्नाला मिळणारं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या 'बेटांवरील जीवन' या मथळ्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

ताटासारखीच गावांची नावंही वाचण्याजोगी आहेत. पोर्ट ब्लेअरहून वंडूरकडे जाताना पाट्यांवर मंजेरी, कालिकत अशी नावं दिसतात. अंदमानात कालिकत कसं? मलबारात १९२१ साली झालेल्या मोपला उठावानंतर इंग्रजांनी तिथल्या अनेक कैद्यांना इकडे पाठवलं. त्यांनी आपल्या गावांची नावं नव्या वस्तीला दिली. वंडूरसुद्धा मूळचं केरळातलंच. नील बेटावर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर आहे, हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर. ही नावं निर्वासितांच्या वस्त्यांची. छोटा नागपूरहून जंगलतोडीच्या कामासाठी आणलेल्या मजुरांना आजही सरसकट 'रांची' म्हणतात, आणि जन्मठेपेच्या कैद्यांच्या वंशजांना 'लोकल बॉर्न'. ही सगळी माणसं एकमेकांशी बोलतात हिंदीत. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनी यावर एक तास सहज घ्यावा. आणि नकाशा दाखवताना हे जरूर सांगा, की २०१८ च्या डिसेंबरात रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. जुनी नावं अजून सर्वांच्या तोंडात आहेत, म्हणून मीही इथे तीच वापरली आहेत.

पाहण्याच्या जागांपैकी राधानगरच्या किनाऱ्याबद्दल मी नव्याने काय सांगणार! लांबच लांब पांढरी वाळू आणि मागे उंच झाडी. जावंच. फक्त पोहताना जीवरक्षक असलेल्या आणि जाळी लावलेल्या भागातच राहा. इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि सूचनेचे फलक शोभेला लावलेले नाहीत. वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉयला गेलात तर प्रवाळ पाहता येतील. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत. आणि प्रवाळाचा तुकडा, शंख-शिंपला 'शाळेच्या प्रकल्पासाठी' म्हणून पिशवीत टाकू नका, मुलांनाही टाकू देऊ नका. प्रवाळ गोळा करणं कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात. शिक्षकांनीही असे प्रकल्प देणं थांबवलं पाहिजे, हे जाता जाता.

सूर्यास्ताची गंमत मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. मुंबईत सहाच्या सुमाराला. घड्याळ दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचं. सातवी-आठवीच्या मुलांना गणित घालून पाहा. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३ वर. फरक २० अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. मग सूर्यास्तातला फरक तासाभराचाच कसा? हुशार मुलं इथे अडतात. उत्तर अक्षांशात आहे. पोर्ट ब्लेअर मुंबईपेक्षा बरंच दक्षिणेला, त्यामुळे डिसेंबरात तिथला दिवस मुंबईपेक्षा अर्ध्या तासाने मोठा. सूर्यास्त तेवढा पंधरा मिनिटांनी लांबतो. याच हिशोबाने सूर्योदयातला फरक किती येईल, ते मुलांनाच काढू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून पडताळूनही घ्या. सहलीचं वेळापत्रक आखतानाही हे लक्षात असू द्या. चारनंतर कुठे निघालात तर पोचेपर्यंत अंधार.

सेल्युलर जेलला मराठी कुटुंबं जातातच. पण पाहिलं आहे की, बरेचजण मार्गदर्शकाच्या मागोमाग थेट वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीकडे जातात, सावरकरांच्या प्रतिमेला नमस्कार करतात, फोटो काढतात आणि खाली येतात. नमस्कार करावाच. विनायकराव १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं इथे होते, थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, आणि सुरुवातीला बराच काळ धाकट्याला ते ठाऊकही नव्हतं. हे असं कसं शक्य झालं, ते मुलांना इमारतच सांगते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात शाखा होत्या, मध्ये टेहळणीचा मनोरा. एका शाखेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. कोठडीच्या गजांतून समोर पाहिलं तर दिसते फक्त भिंत. जवळपास सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच माणूस. मुलाला एका कोठडीत मिनिटभर शांत उभं करा आणि शेजारच्या कोठडीत तुम्ही उभे राहा. तो तुम्हाला पाहू शकतो का, विचारा. आज सातपैकी तीनच शाखा उरल्या आहेत.

मग खाली येऊन संगमरवरावर कोरलेली नावं वाचा. बहुतेक नावं बंगाल आणि पंजाबमधली आहेत, आपल्या मुलांनी कधी न ऐकलेली. उल्लासकर दत्त. इंदुभूषण रॉय, ज्यांनी १९१२ साली कोठडीतच आयुष्य संपवलं. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना मेलेले महावीरसिंह, मोहनकिशोर नामदास, मोहित मैत्र. लहान मुलांना सगळं तपशिलात सांगायची गरज नाही, पण आठवी-नववीच्या मुलांना सांगावं. प्रत्येकाने एक अनोळखी नाव वहीत उतरवून आणायचं आणि शाळेत येऊन त्या माणसाविषयी दहा ओळी लिहायच्या, एवढं करून घेतलं तरी पुरे.

आता बाराटांग. पत्रकात 'चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी' असं लिहिलेलं असतं. गुहा सुंदर आहेत, खारफुटीतून होडीने जाणंही सुंदर. अडचण आहे ती रस्त्याची. पहाटे तीन-चारला उठवून गाडी जिरकाटांगच्या नाक्यावर नेतात, तिथून पोलिसांच्या देखरेखीखाली गाड्यांचा ताफा निघतो आणि अंदमान ट्रंक रोडने जारवांच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही, असे नियम आहेत. आणि तरीही आदल्या रात्री कुणीतरी मुलांना हमखास सांगतं, "नशीब असेल तर उद्या आदिवासी दिसतील हं!"

हे वाक्य मुलाच्या कानावर पडलं, की आपण वर्गात शिकवलेलं बरंच काही पुसलं जातं. वाघ दिसेल, हत्ती दिसेल, तसंच माणूस दिसेल. मग मूल खिडकीला नाक लावून बसतं आणि दोन मुलं-एक बाई दिसली की ओरडतं. त्या बाईला कसं वाटत असेल, हे त्याला कुणी विचारत नाही. २०१२ साली जारवा बायकांना पर्यटकांसमोर खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, ती याच रस्त्याच्या संदर्भातली. जारवांच्या राखीव भागातून जाणारा हा रस्ता बंद करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं होतं.

भीती नुसत्या अपमानाची नाही. इंग्रजांनी १८५८ साली इथे कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंनी होते. १८७७ साली गोवराची साथ आली, आणखीही रोग आले. १९६१ च्या जनगणनेत ते उरले १९. त्यांच्या बोलींपैकी 'बो' ही बोली बोलणारी शेवटची आजी, बोआ सीनियर, २०१० साली वारली, तिच्याबरोबर ती भाषाही गेली. जारवा १९९८ च्या सुमारास जंगलाबाहेर येऊ-जाऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवर पसरला. आपल्या मुलांना बालपणीच टोचलेली असते तीच ही गोवराची लस. आपल्यासाठी साधी शिंक, त्यांच्यासाठी काय, हे विज्ञानाच्या तासाला सांगता येतं.

पालक म्हणतात, "बाई, एवढे पैसे भरलेत, आणि आपण नाही गेलो तर काय ताफा थांबणार आहे?" थांबणार नाही, खरं आहे. तरी मी स्पष्टच सांगते, रस्त्याने बाराटांग करू नका. चुनखडीच्या गुहा पाहायच्या असतील तर आंध्रातल्या बोर्रा गुहा आहेत, आगगाडीने जाता येतं, कुणाच्या दारावरून जावं लागत नाही. कंपनीला आरक्षणाच्या वेळीच सांगितलं तर तो दिवस बदलून मिळू शकतो. आणि मुलांना कारण सांगा, लपवू नका. दहा वर्षांच्या मुलाला हे व्यवस्थित कळतं. "आपल्या घरावरून रोज शंभर गाड्या आपल्याला बघायला गेल्या तर?" एवढा एक प्रश्न पुरतो.

त्या मोकळ्या झालेल्या दिवसाचं काय करायचं? सकाळी उशिरा उठा, सहलीत तेही लागतं. मग पोर्ट ब्लेअरमधलं मानववंशशास्त्र संग्रहालय पाहा. ओंगे, जारवा, सेंटिनली, निकोबारी, शोंपेन लोकांच्या होड्या, धनुष्यबाण, टोपल्या, घरांचे नमुने तिथे आहेत. मुलांनी एक वस्तू निवडून तिचं चित्र काढावं आणि ती कशापासून केली आहे ते लिहावं, वेत, साल, लाकूड, शिंपला. दुपारी अबर्डीन बाजारात जेवा. तीनच्या आत गाडीत बसा आणि दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवरच्या चिडिया टापूला जा. नावाप्रमाणे तिथे पक्षी भरपूर, घरी दुर्बीण असेल तर न्या. जातानाच बाजारातून केळी किंवा बिस्किटं बरोबर घ्या, कारण पाचला सूर्य बुडाला की काळोख पटकन पडतो आणि परत येईपर्यंत मुलांना भूक लागलेली असते.