परवाना, नकाराधिकार आणि नदीचा प्राणवायू

कायदा हा नागरिकशास्त्राचा विषय आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा विज्ञानाचा, अशी वाटणी आपण वर्गात करतो. परंतु १९७२ साली अमेरिकेत सांडपाण्यावरून जो वाद झाला तो समजून घ्यायचा, तर दोन्ही पुस्तके एकदम उघडावी लागतात.

आधी एक गणित सोडवू. समजा, एका नदीतून दर सेकंदाला १००० लिटर पाणी वाहते आणि काठच्या शहराचा नाला तिच्यात सेकंदाला १०० लिटर सांडपाणी सोडतो. सांडपाण्यातील घाण कुजविताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. पाच दिवसांत लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू असा खर्च होतो, त्या आकड्याला बी.ओ.डी. म्हणतात. नदीचा बी.ओ.डी. २ व नाल्याचा २०० धरा. मिश्रणाचा बी.ओ.डी. असा निघेल :

(१००० × २ + १०० × २००) ÷ ११०० = २०

आता २०° सेल्सियसला एक लिटर पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळतो तो जेमतेम ९ मिलिग्रॅम. शिल्लक नऊ आणि खर्च वीस! हवेतून भर पडत राहते हे खरे, पण संथ पाण्यात ती फार सावकाश पडते, आणि तोवर मासे गुदमरतात. पाणी तापले की शिल्लक आणखी घटते. ३०° ला ती साडेसातच्या आसपास येते. नाल्यावर प्रक्रिया करून त्याचा आकडा ३० वर आणला तर काय होईल, हे तुम्हीच करून पाहा. (उत्तर सुमारे ४.५ यावे.)

१९६५ च्या अमेरिकी कायद्याने राज्यांना नदीच्या पाण्यासाठी मानके ठरवायला सांगितले होते. ऐकायला हे बरे वाटते. पण आपल्या गणितात एकाऐवजी दहा नाले घाला. मिश्रण बिघडले, तर दोष कोणाचा? समीकरण एक आणि अज्ञात संख्या दहा! जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवणार. २२ जून १९६९ रोजी तर क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला, आणि ती त्या नदीवरची पहिली आगही नव्हती.

१९७२ च्या विधेयकाने मोजमापाची जागाच बदलली. नदीत नव्हे, नळाच्या तोंडाशी मोजायचे. परवान्याशिवाय नळातून नदीत घाण सोडणे बेकायदा, आणि किती सोडायची याची मर्यादा त्या परवान्यातच लिहिलेली. माझ्या मते सगळ्या विधेयकाचा गाभा हाच होता.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १७ ऑक्टोबर १९७२ रोजी नकाराधिकार वापरून ते परत पाठविले. त्यांचा आक्षेप खर्चावर होता : सुमारे २४ अब्ज डॉलर, आणि त्यांपैकी १८ अब्ज शहरांच्या प्रक्रिया-केंद्रांसाठी. ते स्वच्छ पाण्याचे वैरी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पर्यावरण संरक्षण संस्था १९७० साली त्यांच्याच कारकिर्दीत निघाली. मात्र त्या संस्थेचे प्रमुख रकेल्सहाउस यांनी विधेयकावर सही करावी असाच सल्ला दिला होता. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी विधेयक पुन्हा मंजूर केले, तर तेथे नकाराधिकार निष्फळ ठरतो. दुसऱ्याच दिवशी सिनेटने ५२ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध २३ मतांनी तसे केले. निक्सन यांनी मग मंजूर रकमेतला बराच भाग शहरांना वाटूच दिला नाही. तसे करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला.

आपण गणितात घेतलेला ३० हा आकडाही हवेतून आणलेला नाही. १९७३ मध्ये त्या संस्थेने शहरी सांडपाण्याच्या बी.ओ.डी.साठी मासिक सरासरीची मर्यादा ठरविली, ती हीच.

एक मोठी फट मात्र राहिली. पावसाबरोबर शेतातून वाहून येणाऱ्या खताला नळ नसतो, म्हणून त्याला परवानाही लागत नाही. मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जाणाऱ्या नत्र-स्फुरदामुळे तेथे दर उन्हाळ्यात प्राणवायू अत्यल्प असलेला पट्टा तयार होतो. त्यात मोठा वाटा शेतांचा आहे.